हेडस्टॉकमध्ये स्क्रू, नट किंवा बॉल पडला तर: लेथ पुन्हा सुरू करण्याआधी काय तपासायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत लेथची दुरुस्ती करणाऱ्यांना येणाऱ्या फोनमधला एक फोन ठरलेला असतो. ऑइल बदलायला किंवा लिव्हर दुरुस्त करायला हेडस्टॉकचं, म्हणजे लेथच्या गिअरच्या पेटीचं, वरचं झाकण काढलं, हातातून काहीतरी निसटलं आणि आत गेलं. कधी ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू), कधी वायसर, कधी सर्क्लिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग). सगळ्यांत जास्त वेळा लिव्हरमधला स्प्रिंग आणि त्याच्यापुढचा, लिव्हरला जागेवर धरणारा बॉल. हे काम मी बरीच वर्षं करतोय आणि माझा अनुभव सरळ आहे: पडलेली वस्तू काढणं बहुतेक वेळा सोपं असतं. ती पडल्यावर कुणीतरी मशीन "एकदा फिरवून बघितलेलं" असतं, म्हणून ते अवघड होतं.

फिरवू नका असं का म्हणतो, ते आकड्यांत बघा. हेडस्टॉकमधला गिअर ३ मोड्यूलचा (मोड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) धरला तर त्याच्या दात्याची उंची साधारण पावणेसात मिमी येते. दोन गिअर एकमेकांत बसले की एकाच्या दात्याचं टोक आणि दुसऱ्याच्या खाचेचा तळ यांत जेमतेम पाऊण मिमी जागा उरते. एम ६ चा साधा वायसर १.६ मिमी जाड असतो. म्हणजे वायसरसारखी पातळ वस्तूसुद्धा दात्यांत गेली तर तिला मावायला जागा नाही. मग दाता तुटतो, शाफ्ट वाकतो, नाहीतर सगळा धक्का बेअरिंगवर जातो. लिव्हरचा बॉल असतो बेअरिंगच्या पोलादाचा, ग्रब स्क्रूही कडक केलेला. ते दबत नाहीत, समोरचं मोडतात.

लक्षणं

वस्तू डोळ्यांदेखत पडली असेल तर लक्षणं शोधायची गरज नाही, हा भाग सोडून पुढे जा. पण पुष्कळदा पहिल्या पाळीत पडतं आणि दुसऱ्या पाळीतल्या ऑपरेटरला आवाज येतो. त्याच्यासाठी हे.

मेन स्विच बंद करून, लिव्हर न्यूट्रलला असेल तर चक (जॉब पकडणारा भाग) हाताने हळू फिरवताना प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी अडतो. मशीन चालू असताना एका ठराविक गिअरमध्येच टकटक येते, दुसऱ्या गिअरला ती थांबते आणि स्पीड वाढवला की टकटकीची लय वाढते. लिव्हर शेवटपर्यंत जात नाही, थोडा आधीच थांबतो. किंवा उलट, लिव्हर सैल पडतो आणि चालू मशीनमध्ये आपोआप गिअर सुटतो. म्हणजे त्याला जागेवर धरणारा बॉल त्याच्या भोकात नाही. ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेत चकाकणारे कण दिसतात. आणि सगळ्यांत खात्रीचं लक्षण: झाकण लावून झाल्यावर काढलेल्या सामानातला एक स्क्रू कमी भरतो.

आवाज सगळ्याच गिअरमध्ये सारखा येत असेल, न्यूट्रललासुद्धा येत असेल, तर आधी बेल्ट आणि मोटरचं बेअरिंग बघा. तिथे हेडस्टॉक उघडून काही मिळत नाही.

आधी वीज, मग शोध

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि स्टार्टरवर "काम चालू आहे" अशी पाटी अडकवा. इमर्जन्सी बटण दाबलं म्हणजे मशीन बंद झालं, हा समज धोक्याचा आहे. ते बटण दुसरं कुणीही फिरवून सोडू शकतं. फ्यूज तुमच्या खिशात असेल तर मशीन कुणाला सुरू करता येत नाही.

यात दोन गोष्टी जोडून सांगतो. लिव्हर जिथे आहेत तिथेच राहू द्या. लिव्हर हलवला की आतले फोर्क सरकतात, गिअर सरकतो आणि मोकळी पडलेली वस्तू दोन गिअरांच्या मध्ये ढकलली जाते. दुसरं, आत हात असताना चक कुणाला फिरवायला सांगू नका. "हळूच फिरव रे" म्हणून हेल्परला सांगतात आणि बोट सापडतं. मोठ्या चकचं वजन एकदा फिरायला लागलं की ते हाताने चटकन थांबत नाही.

हवेचा पाइप लांब ठेवा. कॉम्प्रेसरची हवा मारली की वस्तू बाहेर येईल असं वाटतं. होतं उलटं: ती आणखी आतल्या कोपऱ्यात जाते, सोबत बारीक चिप्स बेअरिंगच्या तोंडाशी जातात आणि ऑइलचे शिंतोडे डोळ्यांत येतात.

१. वस्तू खरंच आत आहे का?

फुकटातली तपासणी, म्हणून पहिली. पडताना ऐकलेला आवाज आठवा. ऑइलमध्ये पडल्याचा आवाज दबका येतो, बिडाच्या कडेवर आपटल्याचा टणकन येतो. टणकन आवाज आला असेल तर वस्तू उडून बाहेर पडलेली असण्याची शक्यता चांगली असते. चिप्सचा ट्रे, बेडच्या मधल्या खाचा, साइडचं गिअर कव्हर, मोटरच्या पंख्यावरची जाळी, मशीनखालची फरशी आणि तुमच्या स्वतःच्या कपड्यांच्या घड्या, हे सगळं बघा. स्प्रिंगने उडालेला बॉल तर दोन मशीन सोडून तिसऱ्याखाली मिळतो.

ट्रेमध्ये चिप्सचा ढीग असेल तर हाताने उपसू नका. जुन्या स्पीकरचं मोठं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ट्रेमधून ओढा. पिशवीला चिकटलेलं सगळं कागदावर नेऊन पिशवी उलटी करत चुंबक बाहेर काढा. चिप्स आपोआप खाली पडतात आणि त्यात तुमचा स्क्रू वेगळा दिसतो. पिशवीशिवाय चुंबक बुडवलात तर त्यावरच्या चिप्स निवडण्यात अर्धा दिवस जातो.

साइडचं कव्हर उघडलंच आहे तर चेंज गिअरच्या दात्यांत चिप अडकली आहे का तेही बघा. तिथे अडकलेली एक चिप अगदी हेडस्टॉकसारखीच टकटक देते, आणि ती दोन मिनिटांत निघते.

२. बॅटरी आणि आरसा

वरून सरळ उजेड टाकला तर ऑइल चमकतं आणि काही दिसत नाही. बॅटरी आडवी धरा, उजेड एका बाजूने घासून जाऊ द्या. मग लहान वस्तूचीही लांब सावली पडते आणि नजर तिथे जाते. फोर्कच्या दांड्यांखाली आणि गिअरच्या मागे बघायला दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांडीचा आरसा घ्या.

कुठे बघायचं याचा क्रम माझ्या मनात पक्का आहे. पहिली जागा फोर्कच्या वरची सपाटी. पडणाऱ्या वस्तू तिथे बसतात आणि तळाकडे बघणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. दुसरी, गिअरच्या बाजूची खोलगट चकती. तिसरी, बेअरिंगला ऑइल नेणारी पन्हळ. शेवटी तळ. तळाला बिडाच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यामुळे एकच मोठी टाकी नसून लहान लहान कप्पे असतात. बॉल घरंगळत एका कप्प्यात जाऊन थांबतो, पुढच्या कप्प्यात सहसा जात नाही. त्यामुळे कुठून पडला हे माहीत असेल तर कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो.

वस्तू दिसली की आधी मोबाइलवर फोटो काढा. नंतर ती हलली तर ती कुठे होती, हे त्यावरून कळतं.

३. चुंबकाची दांडी

लांबणारी, पेनासारखी चुंबकाची दांडी हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळते. प्रत्येक वर्कशॉपमध्ये ती असायला हवी, या मताचा मी आहे. अडचण एकच: हेडस्टॉक बिडाचा, गिअर पोलादाचे, त्यामुळे चुंबक वाटेत प्रत्येक ठिकाणी चिकटतं आणि वस्तूपर्यंत पोचतच नाही.

यावर उपाय आहे. चुंबकाच्या बाजूने प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा चढवा, ऑइलच्या पारदर्शक पाइपचा तुकडा चांगला बसतो. नळी टोकाच्या मिमीभर पुढे ठेवा. आता बाजू चिकटत नाही, फक्त समोरचं खेचलं जातं. दांडी सरळ खाली न्या. वस्तू लागली की बोटांना एक हलका, कोरडा "टक्" जाणवतो. बिडाला चिकटल्यावर हात जडपणे ओढला जातो, सुटा स्क्रू आला की दांडी तशी मोकळीच राहते. हा फरक दोन-तीनदा मुद्दाम करून बघा, मग न बघताही ओळखता येतो.

वर काढताना घाई नको. स्क्रू आडवा चिकटलेला असतो आणि वरच्या कडेला लागून पुन्हा पडतो, तोही नव्या ठिकाणी. तो वर येण्याआधीच शेजारच्या गिअरांवर पांढरं कापड पसरून ठेवा. त्यासाठी धुतलेलं जुनं धोतर उत्तम. कॉटन वेस्ट आत नेऊ नका, त्याचे धागे सुटतात आणि पंप असलेल्या मशीनमध्ये गाळणी तुंबवतात.

निघालेला बॉल किंवा स्क्रू आता थोडा चुंबकीय झालेला असतो. तो तसाच परत बसवला तर भोवती लोखंडाची पूड धरतो. बॉल काही फार महाग नाही, नवा घाला.

४. चुंबकाला न चिकटणारं

फोर्कच्या टोकाचे गनमेटलचे पॅड, पितळी बुश, तांब्याचा वायसर, रबराची ओ-रिंग आणि ३०४ स्टेनलेसचे बहुतेक स्क्रू चुंबकाला दाद देत नाहीत. चुंबक फिरवून काही मिळालं नाही म्हणून "आत काही नाही" असा निष्कर्ष काढण्याआधी पडलेली वस्तू कशाची होती ते विचारा.

वायसर, रिंग असं भोक असलेलं काही असेल तर सायकलच्या चाकाची तार घ्या. ती साधारण दोन मिमी जाड असते, ताठ असते, आणि टोक पक्कडीने वाकवलं की हवा तसा आकडा होतो. दुसऱ्या टोकाला दोरी बांधून ती मनगटाला अडकवा. काढायला गेलेली तारच आत पडल्यामुळे मला बोलावल्याचे प्रकार आहेत.

भोक नसलेल्या वस्तूला तीन-चार नख्यांचा, मागून दाबला की उघडणारा लवचीक चिमटा लागतो. कोरड्या जागेत काठीच्या टोकाला घट्ट ग्रीस किंवा मेण लावून लहान स्क्रू उचलता येतो. ऑइलखालच्या वस्तूला मात्र यातलं काहीच चिकटत नाही, तिथे वेळ घालवू नका.

५. मोबाइलला लावायचा कॅमेरा

बारीक तारेच्या टोकाला कॅमेरा आणि दिवे असलेली वस्तू आता हजार-दीड हजाराच्या आत मिळते. साडेपाच मिमीचं डोकं असलं तर ते ड्रेन प्लगच्या भोकातूनही आत जातं. फार जवळ नेलं की चित्र धूसर येतं, चार-पाच सेंमीचं अंतर राखा. ऑइलमध्ये बुडवून काही दिसत नाही, म्हणून कॅमेरा वरच्या भागासाठी आणि ऑइल काढल्यानंतर तळासाठी.

कॅमेऱ्याची तारही गिअरमध्ये अडकू शकते. ती आत असताना चक हलता कामा नये.

६. ऑइल काढणं

इथपर्यंत दिसलं नाही तर वस्तू ऑइलखाली आहे असं धरून चाला. ड्रेन प्लग उघडण्याआधी खाली स्वच्छ डबा, त्यावर पिठाची चाळणी आणि चाळणीच्या बुडाला बाहेरून एक चुंबक. प्लग शेवटच्या आट्यावर आला की थांबा, चाळणी बरोबर धारेखाली आहे ना ते बघा आणि मगच काढा. पहिल्या धारेला जोर असतो, लहान बॉल त्याच धारेबरोबर येतो. ऑइल थंड असेल तर धार मंदावते, थंडीच्या दिवसांत मशीन रात्रभर तसंच निथळू द्यावं. ऑइल लवकर वाहावं म्हणून मशीन चालवून गरम करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

प्लगच्या भोकापेक्षा बोल्ट मोठा असेल तर तो धारेबरोबर येणार नाही, पण ऑइल गेल्यावर तळ उघडा पडतो. मग पुन्हा बॅटरी, पुन्हा चुंबक. तळाला काळा गाळ असेल तर लाकडी पट्टीने तो कोपऱ्याकडे ओढा आणि बोटांनी चिवडा. स्क्रू गाळातच असतो. तळाला गाळाचा थर असलेल्या हेडस्टॉकचं ऑइल तसंही बदलायला आलेलं असतं.

धुवायचं असेल तर १० किंवा ३२ नंबरचं पातळ ऑइल ओता. रॉकेलने धुतात, मला ते पटत नाही: कोपऱ्यांत उरलेलं रॉकेल नव्या ऑइलला पातळ करतं. पेट्रोल तर आणूच नका.

७. हाताने फिरवून बघणं

वरचं सगळं झालं, वस्तू दिसली नाही, पण चक अडतो. मगच ही पायरी. फ्यूज अजून खिशातच. आत कुणाचाही हात, चुंबक, कॅमेरा नाही. चक आधी मागे फिरवा, पुढे नाही. वस्तू दात्यांत शिरत असताना मशीन थांबलं असेल तर मागे फिरवल्यावर ती आल्या वाटेने सुटते. अंगठाभर फिरवा, थांबा, बघा. जोर लागला की तिथेच थांबा. चकमध्ये लांब दांडा धरून नेट लावणं म्हणजे दाता मोडायला मदत करणं.

इथे थांबा आणि मिस्त्रीला बोलवा

चक मागे-पुढे दोन्हीकडे अडतो आणि वस्तू दिसत नाही. गाळात किंवा चाळणीत दात्याचा तुकडा मिळाला. सर्क्लिप तुटून आत गेली आणि तिचे सगळे तुकडे जुळत नाहीत. वस्तू बेअरिंगच्या कॅपमागे गेल्याचं दिसतंय. यातलं एकही असेल तर पुढचं काम शाफ्ट किंवा स्पिंडल (चक फिरवणारा मुख्य शाफ्ट) काढायचं आहे. स्पिंडल काढता येतो, पण परत बसवताना बेअरिंगवर किती ताण द्यायचा हे हाताच्या सवयीचं आणि डायलवर मोजायचं काम आहे. तो ताण कमी पडला तर जॉबला लहरी येतात, जास्त झाला तर बेअरिंग तापून जळतं. हे शिकायला चालू मशीन वापरू नका.

वस्तू कंट्रोल पॅनेलमध्ये पडली असेल तर वरची एकही पायरी तुमच्यासाठी नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा. पॅनेलमध्ये ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं युनिट) असेल तर ४१५ व्होल्टच्या लाइनवर त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये साधारण ५९० व्होल्ट डीसी असतात, आणि मेन स्विच बंद केल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं. चुंबकाची धातूची दांडी तिथे घालणं जिवावर बेतू शकतं.

सीएनसीच्या बॉल स्क्रूच्या कव्हरखाली काही गेलं असेल तरीही कंपनीच्या माणसालाच बोलवा. आणि मशीन वॉरंटीत असेल तर झाकण उघडण्याआधी एक फोन करा.

मिस्त्री आला की त्याला चार गोष्टी सांगा: काय पडलं, केवढं आणि कशाचं, कुठून पडलं, आणि पडल्यानंतर मशीन फिरवलं की नाही. शेवटचं उत्तर खरं द्या. फिरवलं असेल तर तो दाते आणि बेअरिंग आधी बघेल, नसेल तर सरळ तळाकडे जाईल. चुकीच्या उत्तराने त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे पैसे जातात. पडलेल्या वस्तूची जोडीदार वस्तू, म्हणजे तसाच दुसरा स्क्रू किंवा वायसर, त्याच्या हातात द्या.

सापडल्यानंतर

सापडलेली वस्तू नीट बघा. स्क्रूच्या डोक्यावर ताजी चकाकती खूण असेल तर तो दात्यांत जाऊन आलेला आहे. मग प्रत्येक दाता बोटाने चाचपा, कुठे तीक्ष्ण धार किंवा टवका लागतो का ते पाहा. खूण नसेल तर ऑइल काचेच्या मध्यापर्यंत भरा, चक हाताने काही फेरे फिरवा, प्रत्येक लिव्हर हाताने बसवून बघा. फ्यूज लावल्यावर सगळ्यांत कमी स्पीडला सुरू करून, हात स्टॉपवर ठेवून, कान देऊन ऐका. मग एकेक स्पीड वाढवा.

तीच वस्तू पुन्हा पुन्हा पडत असेल तर कारण काढा. लिव्हरच्या बॉलमागचा ग्रब स्क्रू कंपनाने सैल होतो आणि स्प्रिंग त्याला बाहेर ढकलत राहतो. तो काढा, त्याचे आणि भोकाचे आटे ऑइल पुसून कोरडे करा, निळं मध्यम ताकदीचं थ्रेड लॉकर (आटे सैल होऊ न देणारं द्रव) एक थेंब लावा आणि बसवा. तेलकट आट्यांवर ते धरत नाही. लाल रंगाचं जास्त ताकदीचं लावू नका, पुढच्या वेळी स्क्रू काढताना त्याचं भोक घसटून जाईल. लिव्हर काढताना त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरा, उडालेला बॉल पिशवीतच पडतो.

ऑइल भरल्यानंतर आठवड्याभराने ड्रेन प्लग थोडा सैल करून थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर घ्या. राखाडी पेस्टसारखं काही दिसलं तर ती नेहमीची झीज आहे. नखाने टोचतील असे चकाकते पापुद्रे दिसले तर मशीन बंद ठेवून मिस्त्रीला तो कागद दाखवा.